जनावरामागे डॉलर : महासाथीच्या काळातील अमेरिकी शेती-मदतीचा आढावा

अमेरिकेतील नेब्रास्का राज्याच्या उत्तर सीमेवर, साउथ डाकोटाला लागून चेरी काउंटी आहे. क्षेत्रफळ सुमारे साडेपंधरा हजार चौरस किलोमीटर, म्हणजे जवळपास आपल्या पुणे जिल्ह्याएवढे. लोकसंख्या मात्र सुमारे साडेपाच हजार, आणि त्यातली निम्मी वस्ती व्हॅलेंटाइन या मुख्य गावात. बाकीचा मुलूख सँडहिल्सचा. गवताच्या मुळांनी धरून ठेवलेल्या या वाळूच्या टेकड्या आहेत. नांगर घातला तर वाळू उडू लागते, म्हणून इथे शेतीपेक्षा गुरांवरच संसार चालतो. मांसासाठी पाळल्या जाणाऱ्या गाईंच्या संख्येत ही काउंटी देशात अग्रस्थानी मानली जाते. इथल्या गुरेपालकाला रँचर म्हणतात आणि त्याचे वर्षाचे उत्पन्न बहुधा एकाच वेळी येते, शरद ऋतूत वासरे विकली जातात तेव्हा.

२०२० आणि २०२१ या दोन वर्षांत अशा शेकडो ग्रामीण काउंट्यांत सरकारी पैसा थेट शेतकऱ्यांच्या आणि रँचरांच्या खात्यात आला. अमेरिकेच्या शेतीत इतक्या कमी काळात इतका रोख पैसा क्वचितच वाटला गेला असेल. २०२० मध्ये शेतकऱ्यांना मिळालेली थेट सरकारी मदत, सर्व योजना मिळून, सुमारे ४६ अब्ज डॉलरच्या घरात गेली. २०१९ च्या तुलनेत ती दुपटीहून अधिक होती. हा पैसा कुठून आला, कशाच्या मापाने वाटला, कोणाच्या हाती पडला आणि कोण कोरडे राहिले, याचा हा आढावा आहे. माझे म्हणणे आधीच सांगतो. मदत वेगाने पोचली आणि तिने अनेक घरे सावरली, हे खरे आहे. पण तिचे माप जनावरांची डोकी, बुशेल (धान्याचे माप) आणि एकर यांचे होते. गरजेचे माप तिने घेतलेच नाही. या एका निवडीतून पुढचे बहुतेक सगळे घडले.

साखळी कुठे तुटली

गोमांसाचा व्यवसाय चार टप्प्यांचा आहे. पहिला टप्पा गाय-वासरू रँचरचा. त्याच्याकडे गाई असतात, त्या वसंतात वितात आणि वासरे शरदात विकली जातात. पुढे कोणी ती वासरे गवतावर वाढवतो, त्यानंतर फीडलॉटमध्ये मका खाऊ घालून ती पुष्ट केली जातात, आणि शेवटी कत्तलखाना. पहिल्या टप्प्यावर लाखो कुटुंबे आहेत, तर शेवटच्या टप्प्यावर चारच कंपन्या : टायसन, जेबीएस, कारगिल आणि नॅशनल बीफ. पुष्ट केलेल्या गुरांपैकी सुमारे ८५ टक्के गुरे या चौघांच्या कत्तलखान्यांतून जातात.

एप्रिल २०२० मध्ये आघात झाला तो याच शेवटच्या टप्प्यावर. कामगार खांद्याला खांदा लावून उभे असलेल्या या कारखान्यांत विषाणू झपाट्याने पसरला. कोलोरॅडोतील ग्रीली इथला जेबीएसचा कारखाना काही काळ बंद पडला. १२ एप्रिलला साउथ डाकोटातील सू फॉल्स इथला स्मिथफील्डचा डुकरांचा प्रचंड कारखाना अनिश्चित काळासाठी बंद होणार असल्याचे जाहीर झाले. आयोवातील वॉटरलू इथे टायसनने काम थांबवले. एप्रिलच्या अखेरीस देशाची कत्तलक्षमता काही दिवस जवळजवळ ४० टक्क्यांनी खाली आली. २८ एप्रिलला राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी संरक्षण उत्पादन कायद्याचा आधार घेऊन मांसकारखाने चालू ठेवण्याचा आदेश काढला.

कारखाना बंद असला तरी जनावर वाढायचे थांबत नाही. फीडलॉट भरलेले राहिले, म्हणून नवी जनावरे घ्यायला गिऱ्हाईक उरले नाही, आणि भाव पार मागे गवतावरच्या वासरापर्यंत कोसळले. त्याच वेळी दुकानातले मांस महाग होत होते. कत्तलखान्यातून निघणाऱ्या गोमांसाचा घाऊक भाव मे महिन्याच्या मध्याला शंभर पौंडांमागे ४७५ डॉलरच्या आसपास गेला. अमेरिकी कृषी खात्यानेच जुलै २०२० मध्ये काढलेल्या अहवालानुसार, मांसाचा भाव आणि जनावराचा भाव यांतील अंतर मेच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत शंभर पौंडांमागे २७९ डॉलरवर पोचले. कत्तलखान्यांनी भाव सरकारला कळवण्याची सक्ती २००१ मध्ये सुरू झाल्यापासूनचा तो उच्चांक होता. गिऱ्हाईक जास्त पैसे मोजत होते आणि रँचरच्या हाती कमी पैसे येत होते. मधला गाळा चार कंपन्यांच्या दाराशी होता.

तोटा किती झाला याचा अंदाज ओक्लाहोमा स्टेट विद्यापीठाच्या अर्थतज्ज्ञांनी गुरेपालकांच्या राष्ट्रीय संघटनेसाठी एप्रिल २०२० मध्येच मांडला. गोमांसाच्या गुरांच्या व्यवसायाचे एकूण नुकसान १३.६ अब्ज डॉलर, आणि त्यात सर्वात मोठा वाटा गाय-वासरू रँचरांचा. त्यांच्या प्रत्येक प्रजननक्षम जनावरामागे तेव्हाचा फटका १११.९१ डॉलर, आणि मदत न मिळाल्यास पुढच्या वर्षांत आणखी १३५.२४ डॉलर. या दोन आकड्यांकडे आपण पुन्हा येऊ.

पैसा कुठून आला

१७ एप्रिल २०२० रोजी कृषिमंत्री सॉनी पर्ड्यू यांनी १९ अब्ज डॉलरची ‘कोरोनाव्हायरस फूड असिस्टन्स प्रोग्राम’ ही योजना जाहीर केली. शेतकऱ्यांच्या तोंडी तिचे नाव ‘सीफॅप’ झाले. त्यातले ३ अब्ज सरकारने दूध, मांस, भाजीपाला विकत घेऊन गरजूंना खोकी वाटण्यासाठी ठेवले आणि १६ अब्ज थेट उत्पादकांसाठी. या १६ पैकी साडेनऊ अब्ज संसदेने मार्चमध्ये मंजूर केलेल्या केअर्स कायद्यातून आले आणि साडेसहा अब्ज ‘कमॉडिटी क्रेडिट कॉर्पोरेशन’मधून.

हे शेवटचे नाव लक्षात ठेवण्यासारखे आहे. १९३३ च्या महामंदीत स्थापन झालेल्या या सरकारी महामंडळाला ३० अब्ज डॉलरपर्यंत उसनवारी करण्याचा अधिकार आहे, आणि तो पैसा कशावर खर्च करायचा याबाबत कृषिमंत्र्याला बरीच मोकळीक आहे. चीनबरोबरच्या व्यापारयुद्धात सोयाबीन उत्पादकांना २०१८ आणि २०१९ मध्ये जी भरपाई मिळाली, तीही याच तिजोरीतून दिली गेली होती. म्हणजे महासाथ आली तेव्हा शेतकऱ्याला तातडीने पैसे देण्याची यंत्रणा तयार होती, कर्मचाऱ्यांचा हात बसलेला होता, आणि संसदेत दीर्घ चर्चा न करता मोठी रक्कम वाटण्याचा पायंडाही पडलेला होता. मदत वेगाने पोचली त्याचे श्रेय याला द्यावे लागते. पुढे जे दोष दिसले त्यांचा उगमही इथेच आहे.

चारशे गाईंचा हिशेब

पहिल्या फेरीचे अर्ज २६ मेपासून सुरू झाले आणि मुदत वाढून ११ सप्टेंबरपर्यंत चालले. नियम असा होता की १५ जानेवारी ते १५ एप्रिल या काळात जी गुरे विकली, त्यांच्यामागे मोठा दर. कत्तलीला तयार जनावरामागे २१४ डॉलर, ६०० पौंडांवरील वाढत्या जनावरामागे १३९, त्याखालील वासरामागे १०२. आणि १६ एप्रिल ते १४ मे या काळात जी गुरे हाती होती, त्यांच्या कमाल संख्येवर जनावरामागे सरसकट ३३ डॉलर.

कागदावर हे सोयीचे दिसते. साडेनऊ अब्जांचा पैसा एप्रिलच्या मध्यापर्यंत झालेल्या तोट्यासाठी आणि महामंडळाचा पैसा पुढच्या तोट्यासाठी, अशी विभागणी त्यामागे होती. पण भाव सर्वात वाईट कोसळले ते १५ एप्रिलनंतर. १४ एप्रिलला जनावर विकलेल्याला २१४ डॉलर मिळाले. आठवडाभराने, अधिक पडलेल्या भावात तेच जनावर विकणाऱ्याला ३३. गुरेपालकांच्या संघटनांनी याच तारखेवर सर्वात जास्त आक्षेप घेतला आणि तो रास्त होता.

सँडहिल्समधल्या रँचरसाठी या तारखेचा अर्थ काय, हे आकड्यांतून पाहू. हा हिशेब केवळ उदाहरणादाखल आहे, दर मात्र प्रत्यक्षातले आहेत. चारशे गाई, वीस बैल आणि त्या वसंतात जन्मलेली ३८० वासरे असलेले एक कुटुंब धरा. त्यांनी आधीच्या वर्षाची वासरे आदल्या शरदातच विकलेली, त्यामुळे जानेवारी ते एप्रिल या काळात विक्री नाहीच. पहिल्या फेरीत त्यांना ८०० जनावरांवर ३३ डॉलरप्रमाणे २६,४०० डॉलर मिळतात. पैसा पुरेल की नाही या शंकेने कृषी खाते आधी ८० टक्केच देत होते, म्हणजे सुरुवातीला २१,१२० हाती आणि उरलेले नंतर. याउलट फेब्रुवारीत ३०० मोठी वासरे विकणाऱ्या शेजाऱ्याला केवळ त्या विक्रीवर ४१,७०० डॉलर मिळतात. दोघांपैकी कोणीही चुकीचे वागलेले नाही. फरक फक्त विक्रीच्या महिन्याचा आहे.

१७ सप्टेंबर २०२० रोजी ट्रम्प यांनी विस्कॉन्सिनमधील मोसिनी इथल्या सभेत दुसरी फेरी जाहीर केली. ती १४ अब्ज डॉलरपर्यंतची होती. या वेळी १६ एप्रिल ते ३१ ऑगस्ट या काळातील कमाल संख्येवर जनावरामागे ५५ डॉलर होते, पण प्रजननासाठी ठेवलेली गुरे वगळून. आपल्या उदाहरणातल्या कुटुंबाला ३८० वासरांवर २०,९०० डॉलर मिळाले. डिसेंबर २०२० मध्ये संसदेने पहिल्या फेरीतल्या गुरांना भर देण्याचा कायदा केला. ती रक्कम २०२१ च्या वसंतात नव्या अर्जाशिवाय खात्यात आली. वासरांमागे ७ डॉलर आणि गाई-बैलांमागे १७.२५ धरले, तर आणखी ९,९०५ डॉलर होतात.

तिन्ही मिळून ५७,२०५ डॉलर झाले. आता ओक्लाहोमाचे ते दोन आकडे लावून पाहा. चारशे गाईंवर तात्कालिक नुकसान सुमारे ४४,७६४ डॉलर, आणि पुढच्या वर्षांचे धरून सुमारे ९८,८६०. म्हणजे मदतीने पहिला धक्का पूर्ण भरून निघाला आणि पुढच्या धक्क्याचाही थोडा भाग. अशा कुटुंबाला बँकेचे हप्ते आणि चाऱ्याची खरेदी भागवून गाई टिकवता आल्या. मदत वायफळ होती असे म्हणणाऱ्यांनी हा हिशेब नजरेआड करू नये.

पण याच हिशेबात एक उणीवही आहे. १४ एप्रिलला विकल्या गेलेल्या तयार जनावरामागे २१४ डॉलर होते. दोन दिवस थांबलेल्याला सर्व फेऱ्या मिळून जास्तीत जास्त ३३, ५५ आणि ६३, म्हणजे १५१ डॉलर. एक वर्ष दुरुस्त्या करूनही तारखेने पाडलेला फरक पूर्ण मिटला नाही.

पिकांचे एकर आणि सुटलेले गवत

पिकांच्या बाबतीत पहिल्या फेरीची कसोटी होती ती जानेवारीच्या मध्यापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत भाव ५ टक्के वा अधिक पडण्याची. मका, सोयाबीन, कापूस यात बसले. हिवाळी लाल गहू, जो नेब्रास्काच्या पश्चिम भागात पेरला जातो, तो बसला नाही. दुसऱ्या फेरीत गव्हाच्या सगळ्या जाती आल्या आणि बहुतेक मोठ्या पिकांना एकरी किमान १५ डॉलर मिळाले. पण चाऱ्याच्या गवताला, अल्फाल्फा सोडून, दोन्ही फेऱ्यांत काहीच नव्हते. सँडहिल्सच्या सखल कुरणांतले गवत कापून हिवाळ्यासाठी साठवणे हे तिथल्या रँचरचे उन्हाळ्यातले मुख्य काम. त्या श्रमाला या मदतीत मोल नव्हते. सरकारी कोष्टकाच्या दृष्टीने विकले जाते तेच पीक. घरच्या गुरांना घातले जाते ते कोष्टकाबाहेर.

याच्या उलट टोकाला मका आणि सोयाबीन उत्पादक होते. २०२० च्या शरदापासून चीनची खरेदी वाढली आणि धान्याचे भाव चढू लागले. २०२१ च्या वसंतात मक्याचा वायदाभाव बुशेलमागे ७ डॉलरवर पोचला. नेमक्या त्याच सुमाराला, डिसेंबरच्या कायद्यानुसार, पात्र पिकांना एकरी २० डॉलरची भर मिळू लागली. त्यावर साडेचार अब्ज डॉलरहून अधिक खर्च झाला. गुरांवरची भर साधारण १.१ अब्ज होती. महासाथीचा तोटा भरण्यासाठी दिलेला पैसा बऱ्याच वर्षांतल्या सर्वात चांगल्या भावाच्या वर्षात शेतावर पोचला. हा निर्णय समर्थनीय वाटत नाही. पिकांचे भाव सावरले आहेत हे कायदा झाला तेव्हाच दिसत होते.

काउंटी कचेरी

या सगळ्या कोट्यवधींच्या व्यवहाराचा खरा गाडा ओढला तो काउंटीच्या गावातल्या लहान कचेरीने. ‘फार्म सर्व्हिस एजन्सी’ या कृषी खात्याच्या शाखेची देशभरात दोन हजारांहून अधिक कार्यालये आहेत. व्हॅलेंटाइनमध्येही असे केंद्र आहे. प्रत्येक काउंटीत शेतकऱ्यांनी निवडून दिलेली समिती या कार्यालयाबरोबर काम करते. १९३० च्या दशकापासूनची ही रचना आहे आणि तिच्यामुळे कर्मचारी दारातला माणूस ओळखतात.

महासाथीत कचेरीची दारे लोकांसाठी बंद होती. काम फोनवर, ईमेलवर आणि इमारतीबाहेर ठेवलेल्या पेटीतून चालले. अर्जाचा फॉर्म एक असला तरी सोबत उत्पन्नाचे, शेतीच्या मालकीरचनेचे आणि जमीन-संवर्धनाच्या अटींचे फॉर्म लागत. ज्यांनी आधी कोणत्याही सरकारी योजनेत भाग घेतलेला होता, त्यांची कागदपत्रे कचेरीत होतीच. त्यांचे काम एका बैठकीत झाले. ज्या रँचरांनी सरकारी योजनांपासून लांब राहणे आयुष्यभर पसंत केले होते, त्यांना शून्यापासून सुरुवात करावी लागली. मोठ्या कुटुंबांकडे हिशेबनीस होता, तर छोट्यांकडे स्वयंपाकघरातल्या टेबलावरची वही होती.

जनावरांची संख्या अर्जदाराने स्वतःच्या सहीने सांगायची होती. पडताळणी नंतर, काही निवडक अर्जांची. वेगासाठी हे योग्यच होते. पण नंतरची पडताळणी पुरेशी कसून झाली नाही. संसदेसाठी लेखापरीक्षण करणाऱ्या ‘गव्हर्नमेंट अकाउंटेबिलिटी ऑफिस’ने सप्टेंबर २०२२ च्या अहवालात सीफॅपच्या रकमांची तपासणी अधिक काटेकोर करण्याची शिफारस कृषी खात्याला केली. त्या वेळेपर्यंत या योजनेतून उत्पादकांना एकूण सुमारे ३१ अब्ज डॉलर दिले गेले होते.

सीफॅपशिवाय आणखी एक दार होते, ते छोट्या व्यवसायांसाठीच्या पगार-संरक्षण कर्जाचे. नियम पाळले तर हे कर्ज माफ होत असे. पण एकट्याने चालवलेल्या रँचसाठी आधी ते निव्वळ नफ्यावर मोजले जाई, आणि घसारा वजा केल्यावर करपत्रकात नफा दाखवणारे रँचर कमीच. डिसेंबर २०२० च्या कायद्याने शेतीसाठी एकूण उत्पन्न हे माप धरले, कमाल २०,८३३ डॉलरपर्यंत. माप बदलताच दार उघडले. वर म्हटलेली गोष्ट इथेही दिसते : मदत कोणाला मिळणार हे ती मोजण्याच्या पद्धतीतच ठरते.

कोणाला किती

सीफॅपच्या प्रत्येक फेरीत एका व्यक्तीला कमाल अडीच लाख डॉलर मिळू शकत. दोन फेऱ्यांच्या मर्यादा वेगवेगळ्या होत्या. भागीदारांची कंपनी असेल आणि तीन भागधारक वर्षाला प्रत्येकी ४०० तासांचे श्रम वा व्यवस्थापन देत असतील, तर एका फेरीत साडेसात लाखांपर्यंत. ९ लाखांहून अधिक वार्षिक उत्पन्न असणाऱ्याला मदत नव्हती. पण उत्पन्नाचा तीन-चतुर्थांश हिस्सा शेती, रँच वा वनशेतीतून येत असेल, तर ती अटही गळून पडे. म्हणजे मोठा शेतकरी केवळ मोठा आहे म्हणून अडवला जात नव्हता.

मदत जनावरामागे असेल तर दहापट जनावरे असणाऱ्याला दहापट मदत मिळणार. याच्या समर्थनार्थ सांगितले जाते की त्याचा तोटाही दहापट आहे. ते अर्धे खरे आहे. तोटा दहापट असला तरी सोसण्याची ताकदही त्याच्याकडे अधिक असते. स्वतःची जमीन, बँकेतली पत, वायदेबाजारातले संरक्षण. भाड्याच्या कुरणावर साठ गाई पाळणाऱ्या तरुण जोडप्याला वरच्याच हिशेबाने मिळालेले साधारण साडेआठ हजार डॉलर त्यांचा हप्ता भागवू शकत नाहीत, आणि मोठ्या रँचला मिळालेले दोन लाख तिच्या शेजारच्या जमिनीच्या लिलावात बोली वाढवू शकतात. सरकारी मदत जमिनीच्या किमतीत आणि भाड्यात मुरते, ही अमेरिकी कृषी अर्थशास्त्रातली जुनी आणि पुष्कळदा अभ्यासलेली गोष्ट आहे. मदत ज्याच्या नावावर माल आहे त्याला मिळते, आणि शेवटी ज्याच्या नावावर जमीन आहे त्याच्याकडे बरीचशी सरकते.

वर्णाच्या बाजूने पाहिले तर चित्र अधिक अस्वस्थ करणारे आहे. बायडेन सरकारचे कृषिमंत्री टॉम व्हिल्सॅक यांनी मार्च २०२१ मध्ये सांगितले की दोन फेऱ्यांतील जवळजवळ २६ अब्ज डॉलरपैकी कृष्णवर्णीय शेतकऱ्यांना मिळाले केवळ २ कोटी ८ लाख. त्यामागे शतकभराचा इतिहास आहे. कर्ज नाकारले गेल्याने जमिनी गेल्या, जमिनी गेल्याने माल कमी, आणि माल कमी म्हणून मालावर मोजलेली मदत कमी. नियमात वर्णाचा उल्लेख कुठेच नव्हता. तरीही जुना अन्याय नव्या कोष्टकातून जसाच्या तसा पुढे गेला. मार्च २०२१ च्या कायद्यात वंचित समूहांतील शेतकऱ्यांची कर्जे १२० टक्क्यांपर्यंत फेडण्याची तरतूद झाली. गोऱ्या शेतकऱ्यांनी विस्कॉन्सिन, फ्लोरिडा, टेक्सास इथल्या न्यायालयांत तिला आव्हान दिले, जून २०२१ पासून ती अडकली, आणि ऑगस्ट २०२२ मध्ये रद्द झाली. तिच्या जागी अडचणीतल्या सर्वच कर्जदारांसाठी ३.१ अब्ज आणि पूर्वी भेदभाव सोसलेल्यांसाठी २.२ अब्ज डॉलर ठेवले गेले. ती दुसरी रक्कम जुलै २०२४ च्या अखेरीस, ४३ हजार लोकांना, सुमारे २ अब्ज इतकी वाटली गेली. मक्याची भर चार महिन्यांत खात्यात आली होती. या लोकांना तीन वर्षे वाट पाहावी लागली.

जे मापात बसले नाहीत

कंपनीच्या मालकीची डुकरे आणि कोंबड्या कराराने वाढवणारे शेतकरी सुरुवातीला पूर्ण बाहेर राहिले. जनावर त्यांचे नव्हते, म्हणून तोटाही त्यांचा मानला गेला नाही, जरी रिकाम्या शेडचे कर्ज त्यांच्याच नावावर होते. कत्तलखाने बंद असल्याने ज्यांना डुकरे मारून टाकावी लागली, त्यांच्यासाठी बाजारभावाच्या ८० टक्के भरपाईची योजना आली ती जुलै २०२१ मध्ये.

आणि सर्वात मोठी वगळणूक होती कामगारांची. प्रतिनिधी सभेच्या उपसमितीने ऑक्टोबर २०२१ मध्ये सांगितले की पाच मोठ्या मांस कंपन्यांमधील किमान ५९ हजार कामगारांना संसर्ग झाला आणि २६९ जण मृत्यू पावले. हे कामगार बहुतांशी स्थलांतरित. साखळी तुटली ती त्यांच्या आजारपणामुळे, आणि ती पुन्हा जोडली गेली ती त्यांनी जीव धोक्यात घालून कामावर परत गेल्यामुळे. त्यांच्यासाठी आणि शेतमजुरांसाठी जी एकरकमी मदत नंतर जाहीर झाली, ती माणशी ६०० डॉलरपर्यंत होती. अडीच लाखांची मर्यादा आणि सहाशेची मर्यादा एकाच कृषी खात्याने, एकाच महासाथीसाठी ठरवली. या दोन आकड्यांत मला या संपूर्ण धोरणातला सर्वात मोठा दोष दिसतो.

तिसरी वगळलेली गोष्ट म्हणजे मूळ दुखणे. रँचरचा भाव पडला तो लोकांनी मांस खाणे सोडले म्हणून नव्हे, तर कत्तलीची क्षमता चौघांच्या हाती असल्याने. त्यांचे मोजके कारखाने अडखळले की साऱ्या देशाचा बाजार अडतो. ३१ अब्ज डॉलर या अडथळ्याच्या अलीकडे वाटले गेले. तो अडथळा काढण्यासाठी, म्हणजे स्वतंत्र आणि लहान मांसकारखाने उभे करण्यासाठी, बायडेन सरकारने जानेवारी २०२२ मध्ये १ अब्ज डॉलरची योजना मांडली. नेब्रास्कात नॉर्थ प्लॅट इथे गुरेपालकांनीच पुढाकार घेऊन दिवसाला १,५०० जनावरांचा कारखाना उभारण्याचे ठरवले. वॉलमार्टने त्यात २०२२ मध्ये हिस्सा घेतला. हे योग्य दिशेचे पाऊल आहे, पण १ आणि ३१ हे प्रमाण बरेच काही सांगते.

मदतीची बाजू

टीका इतकी केल्यावर दुसरी बाजूही तितक्याच स्पष्टपणे मांडली पाहिजे. एप्रिल २०२० मध्ये कोणालाही माहीत नव्हते की भाव सहा महिन्यांत सावरतील की सहा वर्षांत. अशा वेळी प्रत्येक कुटुंबाची गरज तपासत बसणे म्हणजे मदत दुसऱ्या हिवाळ्यापर्यंत लांबवणे. जनावरे मोजता येतात, गरज मोजायला वेळ लागतो. खुद्द कृषी खात्याने चुका दुरुस्तही केल्या : पहिल्या फेरीतले वगळलेले माल दुसरीत आले, नव्या सरकारने एप्रिल ते ऑक्टोबर २०२१ असे अर्ज पुन्हा खुले केले, करार-शेतकऱ्यांना उशिरा का होईना स्थान मिळाले. गाई विकून टाकण्याची वेळ आली असती तर तो कळप पुन्हा उभा करायला वर्षे लागली असती. पुढे २०२१ आणि २०२२ च्या दुष्काळाने तेच घडले. १ जानेवारी २०२५ रोजी देशातली एकूण गुरे ८.६७ कोटींवर आली होती, १९५१ नंतरची सर्वात कमी. महासाथीतच कळप फुटले असते, तर ही घसरण आणखी आधी आणि आणखी खोल झाली असती.

म्हणून पहिल्या फेरीचा वेग मी योग्य मानतो. दोष येतो तो दुसऱ्या फेरीपासून. तोवर सहा महिने गेले होते. कोण सावरले, कोण नाही, हे कळण्याइतकी माहिती त्याच काउंटी कचेऱ्यांत जमा झाली होती. प्रत्येक अर्जदाराची जनावरे, एकर, उत्पन्नाची मर्यादा सरकारच्या हाती होती. ती वापरून पहिल्या शे-दोनशे जनावरांमागे जास्त दर आणि पुढच्यांमागे उतरता दर लावता आला असता. भाजीपाला आणि फळांसाठी दुसऱ्या फेरीत असा उतरता दर होताही : पहिल्या ५० हजार डॉलरच्या विक्रीवर १०.६ टक्के, दहा लाखांवर ८.८ टक्के. उतार सौम्य होता, पण पद्धत माहीत होती. गुरांना आणि धान्याला ती लावली नाही, हा तांत्रिक अडचणीचा प्रश्न नव्हता. ती एक राजकीय निवड होती.

आपल्याकडेही अतिवृष्टी असो वा दुष्काळ, मदतीची चर्चा एकूण किती कोटी दिले यावर सुरू होते आणि तिथेच संपते. चेरी काउंटीचा अनुभव सांगतो की पहिला प्रश्न रकमेचा नसावा. मदत कशाच्या मापाने मोजली, तारीख कोणती धरली आणि ज्याच्या नावावर काहीच नाही त्याचे काय, हे तीन प्रश्न मदत जाहीर होते त्याच दिवशी विचारले पाहिजेत. पैसे वाटून झाल्यावर ते विचारले, तर उत्तर मिळायला तीन वर्षे लागतात, आणि तोवर लहान शेतकऱ्याची जमीन दुसऱ्याच्या नावावर गेलेली असते.